वाईनमध्ये मुरविलेली उन्हाळी फळे

चैत्र-वैशाखात आपल्या प्रांतात फळांचा जो सुकाळ असतो, तो वर्षातील इतर कोणत्याही महिन्यांत आढळत नाही. नाशिक, दिंडोरी व निफाड या बाजूंची द्राक्षे एप्रिलपर्यंत बाजारात असतात. नदीपात्रातील खरबुजे व कलिंगडे भरात येतात. कोकणातून हापूस उतरू लागतो. पुरंदरचे अंजीर व महाबळेश्वरची शेवटची स्ट्रॉबेरीही याच सुमारास मिळते. परंतु ज्या घरी बाग आहे, त्या घरीच या फळांचा उपयोग कित्येकदा सर्वांत कमी होतो. चांगला माल पेटीत जातो, व्यापाऱ्याने बाजूस काढलेला माल ढोरांपुढे किंवा उकिरड्यावर जातो. बाजूस काढलेल्या मालात सडका माल थोडा असून, आकाराने लहान, घडावरून सुटलेला किंवा सालीवर ओरखडा उठलेला असाच बहुतेक असतो. त्याची चव उत्तम असते. अशा फळांचा घरच्या घरी करण्याजोगा एक प्रकार, म्हणजे वाईनमध्ये मुरविलेली फळांची कोशिंबीर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रकार मूळचा दक्षिण युरोपातील होय. इटलीत फळांच्या मिश्र कोशिंबिरीस ‘माचेदोनिया’ म्हणतात, व पीच फळाच्या फोडी वाईनमध्ये बुडवून उन्हाळ्यात खाण्याची रीत तेथील शेतकरी कुटुंबांत जुनी आहे. जेथे द्राक्षमळा, तेथे वाईन. आणि जेथे वाईन, तेथे उन्हाळी फळ तीत पडावयाचेच, इतका तो साधा व्यवहार आहे. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत वाईनचा धंदा वाढला, त्यामुळे द्राक्ष व वाईन या दोन्ही वस्तू एकाच तालुक्यात पिकू लागल्या आहेत. म्हणून ही कृती आता आपणांस केवळ परदेशची गंमत राहिलेली नाही.

वाईन म्हणजे काय व कोणती घ्यावी

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. औषधांच्या दुकानी मिळणारे ‘द्राक्षासव’ हे आयुर्वेदिक औषध असून त्यात इतर वनस्पतींचे पदार्थ असतात. ते या कामी घेऊ नये. वाईन म्हणजे द्राक्षाच्या रसातील साखर किण्वाच्या योगाने मद्यार्कात पालटून तयार झालेले पेय. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारणतः शेकडा १२ ते १४ असते. वाईनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून निराळी असतात. ती लहान, जाड सालीची व बियांची असून त्यांत साखर अधिक, म्हणजे सुमारे २२ ते २४ अंश ब्रिक्स असते. तेव्हा आपली थॉम्सन किंवा सोनाका जात उरली म्हणून तिची वाईन घरी करू, असा विचार कोणी मनात आणू नये. तिची वाईन चांगली होत नाही, हे एक. आणि परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे त्याहून महत्त्वाचे. वाईन परवानाधारक दुकानातूनच घ्यावी. वर्धा व गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतील वाचकांनी पुढे दिलेली बिनमद्याची कृतीच करावी.

आंबा, खरबूज, द्राक्ष व अननस यांना पांढरी वाईन शोभते. शेनँ ब्लाँ या जातीची किंचित गोड असते, ती सर्वांत बरी. स्ट्रॉबेरी, अंजीर व जांभूळ यांना तांबडी वाईन चालते. गोव्याकडील गोड ‘पोर्ट’ हाताशी असेल तर साखर निम्मी करावी. फार महाग बाटली घेण्याचे कारण नाही. परंतु उघडून पंधरा दिवस पडलेली व आंबूस वास मारणारी वाईनही घालू नये. तिचा शिरका होऊ लागलेला असतो, व त्याने सर्व फळे बिघडतात.

फळांची निवड

द्राक्षे अर्धी चिरूनच घालावी. अखंड द्राक्षाच्या सालीतून रस आत जात नाही, व ते वाईनमध्ये नुसते पडून राहते. आंबा पिकलेला पण घट्ट असावा. फार पिकलेला हापूस मुरविला असता विरघळून लापशी होते, म्हणून तो अगदी शेवटी घालावा. खरबूज उत्तम. अननस घट्टपणा राखतो. कलिंगडास पाणी फार सुटते, म्हणून तेही आयत्या वेळीच. केळे काळे पडते व चिकू गढूळपणा आणतो, म्हणून ही दोन्ही वगळलेली बरी.

बागायतदारांस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. घरच्या बागेतील फळ घरी खावयाचे असले, तरी शेवटची फवारणी व काढणी यांमध्ये औषधाच्या डब्यावर छापलेले दिवस गेलेले असलेच पाहिजेत. व्यापाऱ्यास देताना जो नियम आपण पाळतो, तो मुलाबाळांस देताना ढिला करण्याचे कारण काय? फळे चिरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावी.

भांडे

पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात हा पदार्थ कदापि करू नये. वाईनमध्ये व फळांत आम्ल असते. कल्हई उडालेल्या भांड्यात ते धातू विरघळवून घेते, व त्याने ओकारी, पोटदुखी यांसारखा विकार होतो. हे जुन्या बायांस ताक-चिंचेवरून ठाऊकच आहे. अल्युमिनियमही टाळावे. काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्यावे.

साहित्य (सहा माणसांस)

द्राक्षे २५० ग्रॅम. खरबुजाचा गर ५०० ग्रॅम. आंब्याच्या फोडी ३०० ग्रॅम. स्ट्रॉबेरी किंवा अंजीर २०० ग्रॅम. साखर ६० ग्रॅम. एका लिंबाचा रस. पांढरी वाईन २०० मिलिलिटर. वेलदोड्याची पूड चिमूटभर.

कृती

१. द्राक्षे अर्धी करावी. खरबूज, आंबा व स्ट्रॉबेरी यांच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्या. फार बारीक चिरल्यास फळ गळून जाते.

२. आंबा बाजूस ठेवून उरलेल्या फळांवर साखर व लिंबाचा रस घालावा व हलक्या हाताने कालवून अर्धा तास झाकून ठेवावे. साखरेने फळांचा रस बाहेर ओढला जातो व त्याचा पाक आपोआप तयार होतो. ही पायरी गाळून एकदम वाईन ओतल्यास रस पातळ व चव तुटक लागते.

३. नंतर वाईन ओतून भांडे शीतकपाटात दोन तास ठेवावे. याहून अधिक ठेवल्यास फळांचा रंग उतरतो.

४. वाढण्याच्या वेळी आंबा व वेलदोडा घालून एकदा ढवळावे, आणि थंड असतानाच वाढावे.

ज्यांच्या घरी शीतकपाट नाही, त्यांनी फळे व बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत गार करावी, मुरविण्याचा वेळ अर्धा तासच ठेवावा व लगेच संपवावे. थोड्याशा वाईनने चिरलेले फळ टिकते ही समजूत चुकीची आहे. वैशाखाच्या उन्हात ते इतर चिरलेल्या फळाइतकेच लवकर नासते. उरलेले दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

दूध, साय किंवा कस्टर्ड यांत मिसळू नये. आपल्या लग्नसमारंभांत जे दुधाचे ‘फ्रूट सॅलड’ असते त्याची व या पदार्थाची जात निराळी आहे. वाईनच्या आम्लाने दूध फाटते.

अंजिरासाठी दुसरी रीत आहे. २०० मिलिलिटर तांबडी वाईन, ५० ग्रॅम साखर, दालचिनीचा तुकडा व दोन लवंगा मंद आचेवर उकळाव्या, त्यांत अर्धे कच्चे अंजीर दहा मिनिटे शिजवावे व गार करून त्याच पाकात ठेवावे.

मद्यार्काचा हिशेब

या पदार्थाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, हे फळच आहे, यात काय चढणार. दुसरा म्हणतो, ही दारूच. हिशेब मांडला म्हणजे वाद मिटतो. २०० मिलिलिटर वाईनमध्ये शेकडा १२ प्रमाणे २४ मिलिलिटर मद्यार्क होतो. सहा माणसांत वाटल्यास प्रत्येकी ४ मिलिलिटर. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात तो १८ मिलिलिटर असतो. म्हणजे एका वाटीत पेल्याच्या चतुर्थांशाहून थोडा कमी मद्यार्क जातो. प्रौढ निरोगी माणसास हे प्रमाण अल्प आहे. परंतु ते शून्य नाही. आणि ज्याने तीन वाट्या खाल्ल्या, त्याने पाऊण पेल्याच्या जवळपास घेतले, हे त्याने ध्यानात ठेवून मगच ट्रॅक्टरवर बसण्याचा विचार करावा.

‘उकळले म्हणजे मद्य उडून जाते’ ही समजूतही अर्धीच खरी. पदार्थात मिसळून १५ मिनिटे मंद उकळल्यावरही मद्यार्काचा सुमारे शेकडा ४० भाग शिल्लक राहतो व एक तासानंतर सुमारे २५. तेव्हा अंजिराचा शिजविलेला पदार्थदेखील मुलांस चालणारा नव्हे.

मुलांसाठी व न घेणारांसाठी

मुले, गर्भवती स्त्रिया, यकृताचे रोगी, तसेच ज्यांची औषधे मद्याबरोबर चालत नाहीत अशी माणसे, यांना हा पदार्थ देऊ नये. त्यांच्यासाठी आरंभापासूनच वेगळे भांडे करावे. एकाच भांड्यातून निवडून देता येत नाही. वाईनच्या जागी तितकाच ताजा द्राक्षरस व आणखी अर्ध्या लिंबाचा रस, किंवा पाण्यात कालविलेले कोकमाचे सरबत घालावे. बाकी कृती तीच. पाहुण्यांस वाढताना कोणत्या भांड्यात काय आहे हे स्पष्ट सांगावे. न सांगता कोणाच्या ताटात मद्य वाढणे हा त्याच्या नियमाचा व विश्वासाचा भंग होय.

ज्यांनी मळ्यावर पर्यटकांची उतरण्याची सोय केली आहे, त्यांनी पैसे घेऊन वाईनयुक्त पदार्थ वाढण्यापूर्वी उत्पादन शुल्क खात्याकडे परवान्याची चौकशी करावी. बिनमद्याचा प्रकार मात्र निर्धास्त वाढावा. बाजूस काढलेल्या मालाला तेवढाच भाव येईल.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर वाद झाला. द्राक्ष उत्पादकाचे हित एका बाजूस व घरात शिरणारे व्यसन दुसऱ्या बाजूस, अशी ती ओढाताण होती. दोन्ही बाजूंची काळजी खरी आहे. जो घेत नाही त्याने या लेखावरून आरंभ करावा असे कोणी समजू नये. कोकमाच्या सरबतातही ही फळे तितकीच रुचतात. जो घेतो त्याने मापाने, उघडपणे व फळाबरोबर घ्यावे. दोघांनीही एवढे तरी करावे की, वर्षभर राबून पिकविलेले फळ केवळ पेटीत बसत नाही म्हणून उकिरड्यावर जाऊ देऊ नये.