बाळ्याला पत्र: अपडेट इमेजमध्येच घाल

डोंबिवली

चि. बाळ्या,

ताई सांगत होती, पोलादपूरच्या दुकानात तू मध्यरात्रीपर्यंत विंडोज टाकत बसतोस. टाकायला अर्धा तास, अपडेट उतरायला अख्खी रात्र. त्यात लाइट गेली की पहिले पाढे पंचावन्न. 22 जुलै 2021 ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तसं पुन्हा झालं तर तुझ्या दुकानात मशिनांची रांग लागेल, आणि तेव्हा नेट असेलच असं नाही.

म्हणून अपडेट विंडोजच्या इन्स्टॉल इमेजमध्येच घालून ठेव. आयएसओच्या सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल डॉट विम हार्डडिस्कवर घे, रीड-ओन्लीची खूण काढ (नाहीतर पहिल्याच पायरीला अडशील), डिस्म कमांडने रिकाम्या फोल्डरात माउंट कर, मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधली एमएसयू फाइल ॲड-पॅकेजने घाल आणि कमिट करून अनमाउंट कर. एका विममध्ये होम, प्रो अशा बऱ्याच आवृत्त्या असतात. तुला लागते तिचाच इंडेक्स धर. विंडोज 11 च्या 24एच2 मध्ये एक गोम आहे. इमेज सप्टेंबर 2024 च्या आधीची असेल, तर त्या महिन्याचं चेकपॉइंट अपडेट, केबी5043080, नव्या फाइलशेजारी त्याच फोल्डरात लागतं.

हे सगळं बॅच फाइलमध्ये लिही. पण तिच्यावर विसंबू नकोस. एक ओळ फसली तरी बॅच फाइल पुढची चालवते आणि अर्धवट इमेज कमिट करून मोकळी होते. प्रत्येक डिस्मनंतर एररलेव्हल तपास; गडबड दिसली तर डिस्कार्ड कर आणि डिस्म डॉट लॉग वाच.

माझा हट्ट एकाच गोष्टीचा. मागच्या महिन्याच्या इमेजवर नवं अपडेट चढवू नकोस. मूळ आयएसओला हात न लावता ती जपून ठेव आणि दर वेळी तिच्यापासूनच नवी इमेज बांध. मासिक अपडेट एकत्रितच येतं, त्यामुळे मधले महिने गाळले तरी बिघडत नाही. थरावर थर चढवलास तर फाइल फुगते, शिवाय आत काय काय आहे हे तुलाही सांगता येणार नाही. स्क्रिप्ट वाचली की ते कळलं पाहिजे.

विम 4 जीबीच्या वर गेली तर फॅट32 पेनड्राइव्हवर मावणार नाही. स्प्लिट-इमेजने तुकडे कर, सेटअपला ते चालतात. पहिली चाचणी व्हर्च्युअल मशीनवर, गिऱ्हाइकाच्या मशिनवर नव्हे.

आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे जुनं मशीन आणणाऱ्याला आधीच सांग. तोंड वाकडं केलं तरी सांग.

गणपतीला येतोय. तोवर बॅच फाइल मेल कर, बघून ठेवतो.

तुझा,
मामा