गाडीच्या कूलंटमध्ये बुडबुडे का येतात?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, उष्णता आणि दाब शिकवताना कुकरसोबत गाडीचा रेडिएटरही सांगा. झाकणामुळे आत दाब टिकतो, म्हणून तिथलं पाणी 100 अंशांवर उकळत नाही. पण गरम इंजिनचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी अंगावर उडतं. मुलांना हे आधी सांगा, बाकीचं नंतर.

आता बुडबुडे. कूलंट नुकतंच बदललंय आणि हीटरमधून गार वारा येतोय, तर बहुधा आत हवा अडकलीय. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण काढा. गाडीचं तोंड चढाकडे, हँडब्रेक ओढलेला, हीटर पूर्ण गरमवर. कूलंट भरून इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, तेवढं पुन्हा भरा. (काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो.) बुडबुडे थांबले की झाकण लावा.

थांबतच नाहीत? रेस दिल्यावर वाढतात, कूलंट कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो? मग हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, म्हणजे सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. बुडबुडे थंड इंजिन सुरू केल्या केल्या येतात का, हे मेकॅनिकला नक्की सांगा.