पिन बसली म्हणजे चित्र बसलं असं नाही

जुना घरगुती संगणक आजच्या टीव्हीला जोडायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: पिवळी पिन लावा, कन्व्हर्टरची डबी घ्या, झालं काम. असा सल्ला देणाऱ्यांवर आणि त्याच्या जोरावर डब्या विकणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला हवी तेवढी वजावट करता येईल. पण रागामागचं कारण कुणालाही तपासून पाहता येईल असं आहे. पिन भोकात बसणं हा लोखंड-पितळेचा प्रश्न आहे. चित्र उमटणं हा सिग्नलचा प्रश्न आहे. पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटतो असं समजणं हीच मूळ चूक. पवनीत राहणाऱ्याला ती जास्त महाग पडते, कारण डबी बदलायला नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि सीताबर्डीत कुणी तिचा सिग्नल तपासून देईल याची खात्री नाहीच.

आपल्याकडे सापडणारी यंत्रं मोजकी. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी डेसिबेल इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर आणलेला स्पेक्ट्रम प्लस. दोन्ही मुळात ब्रिटिश. ब्रिटनचं आणि दूरदर्शनचं चित्र एकाच पठडीतलं: पाल पद्धत, ६२५ रेषा, सेकंदाला ५० अर्धचित्रं. म्हणून 'आपल्या टीव्हीवर हे चालणारच' हे विधान जुन्या, पिक्चर ट्यूबच्या डबा टीव्हीपुरतं खरं होतं. पण स्पेक्ट्रम ६२५ रेषा पाठवतच नाही. तो दर वेळी ३१२ रेषांचं एक आख्खं चित्र पाठवतो, सेकंदाला ५० वेळा, त्याच जागी, एकाआड एक रेषांची विणकाम-पद्धत बाजूला ठेवून. डबा टीव्हीला याचं सोयरसुतक नसतं. सांगितलं तिथे तो किरण फिरवतो. डबीतली चिप मात्र आधी हिशेब मांडते. पुष्कळ स्वस्त डब्यांतल्या चिपा असं धरून चालतात की आलेली दोन चित्रं ही एकाच चित्राची दोन अर्धुकं आहेत, आणि त्यांना एकमेकांत विणून टाकतात. चित्र स्थिर असेल तोवर काही बिघडत नाही. पडद्यावर काही हललं की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटतात. खरी मेख इथेच आहे. दुकानात दाखवतात तो स्थिर पडदा असतो, खरेदी त्यावर ठरते, आणि दात दिसतात ते घरी आल्यावर, पॅकिंग फोडल्यावर, म्हणजे 'आता परत घेता येणार नाही' हे वाक्य लागू झाल्यावर.

दुसरा घोळ वेगाचा. यंत्र सेकंदाला ५० चित्रं देतं, डबी बहुतेकदा ६० बाहेर काढते. मग दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं, आणि सरकणारा पडदा ठेच लागल्यासारखा अडखळतो. शिवाय डबी चित्र साठवून मग पुढे पाठवते. ५०च्या हिशेबात एक चित्र म्हणजे २० मिलिसेकंद. दोन-तीन चित्रं साठली की बटण दाबणं आणि पडद्यावर उडी दिसणं यांत खेळणाऱ्या बोटांना जाणवेल एवढं अंतर पडतं. काही जण मॉनिटरची निळी व्हीजीए पिन पाहून दुसऱ्याच वाटेला लागतात. व्हीजीएची आडवी गती सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा, या यंत्रांची १५,६२५. पिन झाळून जोडली तरी बहुतेक मॉनिटर काळेच राहतात. आणि एव्हीकडून एचडीएमआयकडे जाणारी डबी व एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारी डबी एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या, शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. उलटी डबी हातात देऊन वर गिऱ्हाइकालाच 'तुमचं मशीन खराब आहे' असं ऐकवणारे आहेत. नावं घेत नाही.

बीबीसी मायक्रोच्या बाबतीत तर पिवळ्या पिनेचा आग्रह अडाणीपणाचाच म्हणायला हवा. त्याच्या मोड ० मध्ये एका ओळीत ८० अक्षरं, ६४० ठिपके बसतात. ते काढायला यंत्र सेकंदाला १ कोटी ६० लाख ठिपके ओततं, म्हणजे सिग्नल ८ मेगाहर्ट्झपर्यंत चढतो. पाल चित्राची उजेडाची पट्टी ५ मेगाहर्ट्झच्या आसपास संपते आणि तिच्यातच ४.४३ वर रंग बसवलेला असतो. एवढ्या अरुंद नळीतून ८० अक्षरांची ओळ नेली तर अक्षरं सारवल्यासारखी दिसणारच. डबी कितीही महाग घेतली तरी हे बदलत नाही. त्यातून मागची गोल बीएनसी खोबण मूळ रूपात काळं-पांढरंच चित्र देते, रंग हवा तर आतला एस३९ हा दुवा जोडावा लागतो. यंत्राने चांगलं चित्र देण्यासाठी वेगळी सहा पिनांची आरजीबी खोबण ठेवली आहे. केबल तिथूनच बनवावी, पण दोन गोष्टी पाहून: त्या खोबणीच्या एका पिनेवर ५ व्होल्ट वीज आहे, ती कशालाही चिकटता कामा नये, आणि तिथले रंगांचे संकेत डिजिटल पातळीचे आहेत, पुढच्या यंत्राला ०.७ व्होल्ट हवे असतात. मधे योग्य रेझिस्टर आहेत का, हे केबल विकणाऱ्याला विचारा. उत्तर 'लागते ना भाऊ, सगळ्याले लागते' असं आलं तर केबल तिथेच ठेवा.

यावर पहिला आक्षेप असा की हीच स्वस्त डबी कितीतरी लोकांकडे नीट चालते. चालते, कारण ते तिला डीव्हीडी प्लेयर किंवा सेट-टॉप बॉक्स लावतात. ती यंत्रं खरोखरच विणलेलं ६२५ रेषांचं चित्र पाठवतात. डबी त्यांच्यासाठीच बनली आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: एवढा खटाटोप कशाला, आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर लावा. खेळच खेळायचा असेल तर मान्य, जरूर लावा. पण पवनीच्याच जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० च्या उत्खननात निघालेल्या ब्राह्मी लेखांचे ठसे ग्रंथात छापले आहेत, म्हणून कुणी दगड मोडीत काढा म्हणत नाही. यंत्र जिवंत आहे की नाही हे त्याच्याच चित्रावरून कळतं. रॅमचा एक बिट मेलेला असेल तर एम्युलेटर ते सांगणार नाही. तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. ओएसएससीसारखी उपकरणं चित्र न साठवता रेषा दुप्पट-चौपट करतात, दात फुटत नाहीत, पण ती डबीच्या कित्येक पट महाग. शिवाय ओएसएससी पिवळी पिन घेतच नाही, आणि स्पेक्ट्रम प्लसला तयार आरजीबी खोबण नाही. म्हणजे महागडी वस्तू घेऊनही फसता येतं. टीव्हीने ५० चा वेग स्वीकारला पाहिजे ही अट वेगळीच. मधली वाट जीबीएस-८२०० या बोर्डाची. मूळ रूपात तो सुमार आहे, पण त्याला छोटी ईएसपी चिप जोडून जीबीएस-कंट्रोल हे फर्मवेअर टाकलं की आरजीबीचं काम चोख करतो.

स्पेक्ट्रमवाल्यांसाठी थोडं वेगळं. मागची खोबण अँटेनाची आहे, यूएचएफ चॅनल ३६ ची. टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर असेल तर ऑटो-सर्चवर विसंबू नका, ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास हाताने शोधा. ट्यूनर नसेल तर आतल्या मॉड्युलेटरला वळसा घालून कॉम्पोझिट, म्हणजे पिवळ्या पिनेचा सिग्नल, बाहेर काढण्याचा बदल करावा लागतो. तो उलटवता येतो, पण झाळकाम जमणाऱ्याकडूनच करून घ्या.

आणि हे सगळं वीज जोडण्याच्या नंतरचं. चाळीस वर्षं कपाटात पडलेल्या बीबीसीच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक वेष्टनाचे फिल्टर कपॅसिटर असतात. त्यांना तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि सुरू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर धूर होतो. वैनगंगेकाठच्या पावसाळ्यात ठेवलेल्या यंत्राबद्दल तर शंकाच नको, हे कपॅसिटर आधी बदला. स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा अडॅप्टर मधोमध ऋण असतो, बाजारातले बहुतेक मधोमध धन. इथेही पिन बसते.

सगळ्यात चांगला पडदा मात्र अजून कबाड्याकडे किलोच्या भावाने जातो आहे. जड आहे, वीज खातो, लाइन गेल्यावरही आत उच्च दाब राहतो म्हणून मागचं झाकण उघडायचं नाही. हे सगळं खरं. तरीही पिवळी पिन असलेला चालू डबा टीव्ही घरात असेल तर पहिली चाचणी त्याच्यावर घ्या, मग डबीला दोष द्यायचा की यंत्राला ते ठरवता येतं. बीबीसीवर मोड ० ची अक्षरं थरथरत असतील तर *टीव्ही ०,१ असा आदेश देऊन मोड पुन्हा निवडा. विणकाम बंद होतं आणि थरथर थांबते. याला एक पैसा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच कुणी विकणारा हे सांगत नाही.