शौर्य आणि शिधा

पुणे हे लष्कराचे जुने ठाणे आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याचा सहावा विभाग येथलाच. त्यास ‘पुणे डिव्हिजन’ म्हणत. इ. स. १९१४ च्या ऑक्टोबरात त्याच्या पहिल्या तुकड्या मुंबईहून जहाजांनी निघाल्या. तुर्कांशी लढण्यासाठी त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जाणार होत्या. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. साताऱ्याकडील आणि कोकणातील कित्येक शेतकऱ्यांची मुले परक्या साम्राज्यासाठी परमुलखात लढण्यास गेली.

आरंभी सर्व काही मनाजोगे घडले. नोव्हेंबरात बसरा पडले. पुढील वर्षी तैग्रीस नदीच्या काठाने सैन्य वर सरकले, तेव्हा अमारा शहर तर बोटींतून पुढे गेलेल्या मूठभर लोकांच्याच हाती आले. शिपाई शूर आहेत, शत्रू दुर्बल आहे, तेव्हा बगदादही असेच मिळेल, असे सेनाधिकाऱ्यांस वाटू लागले.

परंतु एक हिशेब चुकला. त्या मुलखात ना रेल्वे होती, ना पक्की सडक. पीठ, दारूगोळा, औषधे सारे नदीतून बोटींनीच न्यावे लागे आणि बोटी फार थोड्या होत्या. सैन्य जो जो पुढे जाई, तो तो बोटींच्या खेपा लांबत.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादजवळ टेसिफोन येथे मोठी लढाई झाली. तुर्क खंदकांत दबा धरून होते. त्यांच्यापाशी तोफा व मशिनगन होत्या. आपल्या शिपायांनी पुढचे खंदक जिंकले. पण चार हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत नेण्यास धक्के देणाऱ्या साध्या गाड्याच होत्या, आणि बोटींत त्यांना पाय पसरण्यासही जागा नव्हती.

सैन्य मागे हटून कुत या गावी आले. ७ डिसेंबरला तुर्कांनी गावास वेढा घातला. अन्न थोडेच दिवस पुरेल असे सेनापती टाउनशेंडने कळविले. म्हणून सुटकेस निघालेली फौज पुरेशा तयारीवाचून धावली. पुढे गावातील घरांत धान्याचे साठे सापडले. पण तोवर मोठी हानी होऊन गेली होती. सुटकेच्या प्रयत्नांत एकूण सुमारे २३,००० माणसे मेली वा घायाळ झाली.

कुतमध्ये रोजचे पीठ कमी होत गेले. घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. पण धर्माच्या विचाराने अनेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे त्यास स्पर्श केला नाही. विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. त्यांतील काही नदीत पडली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. पुढे बंदिवासात त्यांतील हजारोंनी प्राण सोडले.

पुढे बसऱ्याचे बंदर सुधारण्यात आले, रेल्वे घातली गेली, बोटी व इस्पितळे वाढविण्यात आली. आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. ते घेणारे शिपाई कुतच्या शिपायांहून अधिक शूर नव्हते. त्यांच्या पाठीशी बोटी होत्या, औषधे होती, आणि पुरेसा शिधा होता.

स्वाध्याय
१. सेनाधिकाऱ्यांचा कोणता हिशेब चुकला?
२. सुटकेच्या फौजेने घाई का केली?
३. ‘केवळ शौर्याने युद्ध जिंकता येत नाही’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.