बॅच हायड्रोजन घ्यायची थांबते तेव्हा

नायट्रो संयुगाचं अमाइन करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर नवी मुलं आली की त्यांना मी काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगते.

१. आधी उष्णतेचा हिशेब करा. एका नायट्रो गटाला हायड्रोजनचे ३ मोल लागतात, पाण्याचे २ मोल सुटतात आणि मोलमागे ५०० किलोज्यूलहून जास्त उष्णता बाहेर पडते. जॅकेट जेवढी उष्णता ओढून नेईल, तेवढ्याच वेगाने हायड्रोजन सोडायचा. शिफ्ट संपत आली म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडायचा नाही.

२. स्टरर बंद पडला तर हायड्रोजन तत्काळ बंद. तसाच परत सुरू करू नका, आधी शिफ्ट इनचार्जला बोलवा.

३. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रेशर उतरायचं थांबलं की नवी मुलं खूश होतात, बॅच झाली म्हणतात. पण नायट्रोचं थेट अमाइन होत नाही. वाटेत नायट्रोसो येतं, मग हायड्रॉक्सिलअमाइन. कॅटॅलिस्ट थकला किंवा गंधकाने विषारला, तर गाडी या दुसऱ्या टप्प्यावर अडते आणि माल तिथेच साचतो. अशा वेळी ‘थोडं तापवून पुरं करू’ हा विचार घातक आहे. हायड्रॉक्सिलअमाइन उष्णतेने स्वतःच विघटित होतं, त्याला हायड्रोजन लागत नाही. मग व्हॉल्व्ह बंद करून काही उपयोग नसतो. म्हणून किती हायड्रोजन जायला हवा होता आणि किती गेला, ते दोन आकडे शेजारी लिहा. सँपलमध्ये नायट्रो संपलं एवढंच पाहू नका, हायड्रॉक्सिलअमाइन शोधा. आकडा कमी असेल तर तापमान वाढवू नका. १९९० च्या दशकात बाझलच्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की व्हॅनेडियमचं संयुग अगदी थोडं घातलं तरी हायड्रॉक्सिलअमाइनचा हा साठा खूप कमी होतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

४. पॅलेडियम-कार्बन ओलाच हाताळा. कोरडी पूड मिथेनॉलच्या वाफेत ठिणगीशिवाय पेटते. आधी नायट्रोजन, मग पाण्यात कालवलेला कॅटॅलिस्ट, मग मिथेनॉल. वापरलेला कॅटॅलिस्ट नव्यापेक्षा लवकर पेटतो, कारण त्यात हायड्रोजन अडकलेला असतो. फिल्टरवरचा केक कोरडा होईपर्यंत ओढू नका. रॅनी निकेललाही हाच नियम.

५. रिंगवर क्लोरीन असेल तर पॅलेडियम तो उडवतं. तिथे गंधक दिलेलं प्लॅटिनम बरं.

६. हायड्रोजनची भीती वाटून कुणी जुनी लोखंडाची रीत काढली, तर मी त्याला गाळाचा हिशेब दाखवते. बेशांने १८५४ मध्ये ती शोधली, दोन वर्षांनी पर्किनने आपला जांभळा रंग तशाच अ‍ॅनिलिनपासून बनवला. पण एक किलो अ‍ॅनिलिनमागे १.८ किलोहून जास्त लोखंडाचा ऑक्साइड उरतो. तो टाकणार कुठे?

७. अ‍ॅनिलिन कातडीतून आत जातं. ओठ, नखं निळसर दिसली की कपडे उतरवून शॉवरखाली उभं करायचं आणि दवाखान्यात न्यायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा या विषबाधेत फसवा असतो. त्यामुळे पोचल्याबरोबर डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा, म्हणजे ते मिथिलीन ब्लूचा विचार लगेच करू शकतील.