साबारच्या रिंगणात

सेनेगलमध्ये, डाकारला तीन वर्षं राहिले. गल्लीत रस्ता अडवून खुर्च्यांचं रिंगण मांडलं की समजायचं, आज साबार. वोलोफ लोकांत ढोलाला साबार म्हणतात, त्यावरच्या नाचालाही आणि त्या सोहळ्यालाही. रात्री रंगतो तो तानेबेर.

१. नुसतं बघायला जाऊ नये. रिंगणातून एकेक बाई उठते, धावत वादकांसमोर जाते, काही क्षण जीव तोडून नाचते आणि हसत जागेवर येते. मी दोन वेळा बसून राहिले. तिसऱ्यांदा शेजारणीने मनगट धरून उठवलं.

२. पावलं मोजू नयेत. मी मोजत होते, मान खाली घालून. मुख्य ढोल, न्देर, वाजवणारा माझ्याच पायांकडे बघत होता. नाचणारी उडी कुठे संपवणार हे हेरून तो नेमका तिथे आघात देतो. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, म्हणून आमचं जुळलं नाही. पुढच्या खेपेला मान वर ठेवली. माझी उडी आणि त्याची थाप एकत्र पडली तेव्हा अंगावर काटा आला, तो आजही आठवणीने येतो.

३. हात ओळखावा. एका हातात बारीक काठी, दुसरा मोकळा. पुणेरी ढोलाला टिपरू आणि हात वेगवेगळ्या पानांवर पडतात, इथे दोन्ही शेळीच्या एकाच कातड्यावर. तबल्यासारखे बोलही आहेत: गिन, तान. पोरं ते आधी तोंडाने म्हणतात.

४. वारसा मोकळा करता येतो. साबार वाजवणं हे पूर्वापार गेवेल, म्हणजे पिढीजात वादक-गायक, घराण्यांतल्या पुरुषांचं काम. त्याच परंपरेतल्या दूदू न्जाय रोझ (१९३०–२०१५) यांनी आपल्या लेकीसुनांच्या हाती काठी दिली, त्यांचं ‘रोझेट’ पथक उभारलं. मला ते त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

५. वर्गणी चुकवू नये. बायकांचं मंडळ असतं, आपल्या भिशीसारखं. जिची पाळी येते तिच्या दारी साबार.

६. एका तालाचं नाव चेबू जेन, म्हणजे तिथला मासळी-भात. शेजारणीने तो मला स्वयंपाकघरात शिकवला. भात शिजत होता, ती पातेल्याच्या झाकणावर एका हाताने पळी आणि दुसऱ्याने तळवा मारत होती, आणि मी मान वर ठेवून तिच्याकडे बघत नाचत होते.