पंचशीलात जुगार कोठे आहे?

काही तरुण उपासकांनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या कारखान्यातील बारा-पंधरा जणांनी मिळून एक सहल ठरविली आहे. पहिल्या दिवशी मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांची शर्यत, रात्रभर बसचा प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजावरील कॅसिनो. वर्गणी ठरली, बस ठरली. या तरुणांचे म्हणणे असे की, आम्ही दारू पिणार नाही, खोटे बोलणार नाही, कुणाचे काही चोरणार नाही. पंचशीलात जुगाराचे नाव नाही. नागपूरला १९५६ साली पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ते नाही. मग जायला हरकत कोणती?

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि वस्तुस्थितीही तशीच आहे. पाच शीलांत जुगार हा शब्द येत नाही. तेव्हा "पाप लागेल" एवढे सांगून या तरुणांना गप्प बसविणे बरोबर होणार नाही. तशी रीत आपल्या धम्मात नाही.

शील हे सर्वांसाठी आहे. त्याखेरीज घरसंसार करणाऱ्या माणसासाठी तथागतांनी वेगळा उपदेश केलेला आहे. तो दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सापडतो. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थाचा विनय म्हणून तो घेतला आहे. प्रसंग राजगृहाचा आहे. सिगाल नावाचा तरुण पहाटे ओलेत्याने उभा राहून सहा दिशांना नमस्कार करीत होता. का करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. आईवडील, गुरू, पत्नी, मित्र, कामकरी, श्रमण यांच्याशी कसे वागावे हे सांगितले. त्या उपदेशाच्या शेवटी सिगाल उपासक झाला. म्हणजे ज्याला हा उपदेश मिळाला तो आपल्यासारखाच जुनी रूढी सोडून नव्याने धम्मात आलेला गृहस्थ होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

या सुत्तात घरातील संपत्ती ज्या सहा वाटांनी वाहून जाते त्या सांगितल्या आहेत. त्यांना अपायमुख म्हणतात. मद्यपान, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे-जत्रांच्या मागे लागणे, जुगार, कुसंगत आणि आळस. जुगार चौथा. पुढे जुगाराचेही सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो. हातातले धन डोळ्यांदेखत जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र व सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि त्याला कुणी मुलगी देत नाही, कारण हा बायकोला पोसू शकणार नाही असे लोक म्हणतात.

यात नरकाची भीती कोठेही नाही. सगळे तोटे याच गावात, याच गल्लीत दिसणारे आहेत. चौथा तोटा आपण नीट पाहावा. ज्या समाजाच्या शब्दाला हजारो वर्षे कुणी किंमत दिली नाही, ज्याची साक्ष पंचांपुढे चालत नव्हती, त्या समाजातील माणूस आज ग्रामपंचायतीत, युनियनमध्ये, शाळेच्या समितीवर बोलू लागला आहे. त्याने तो शब्द पत्त्यांवर घालवावा काय? हिंदूंच्या महाभारतात ज्याला धर्मराज म्हणतात त्याने फाशांवर आधी राज्य लावले, मग भाऊ लावले आणि शेवटी बायको लावली. तरी तो धर्मराजच राहिला! आपला धम्म अशा माणसाला शहाणा म्हणत नाही.

आता हिशेब पाहू. मी गणित शिकवतो, म्हणून ही बाजू जरा सविस्तर मांडतो.

शर्यतीच्या मैदानावर टोट नावाची पद्धत असते. एका घोड्यावर नव्हे, सगळ्या घोड्यांवर लागलेले पैसे एकत्र करतात, त्यातून क्लबचा हिस्सा व कर कापतात आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटतात. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी दहा रुपये लावले. झाले हजार. त्यातून, समजा, दोनशे कापले. उरले आठशे. कोणता घोडा पहिला आला याने काही फरक पडत नाही. त्या शंभर जणांच्या खिशांत मिळून आठशेच परत जातात. तेच आठशे दुसऱ्या शर्यतीत लावले तर ६४० उरतात, तिसऱ्यात ५१२. सहाव्या शर्यतीनंतर त्या शंभर जणांजवळ मिळून सुमारे २६२ रुपये असतात. एखादा हसत घरी जातो, कारण त्याला बाकीच्यांचे मिळालेले असते. वर ज्याला वैर म्हटले त्याचे मूळ येथे आहे.

कॅसिनोतील चक्राचा हिशेब तर याहून उघड आहे. युरोपीय पद्धतीच्या चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात. तुमचा आकडा आला तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट आणि तुमची मूळ रक्कम मिळते. तुमच्या पंधरा जणांनी मिळून सर्व ३७ घरांवर शंभर-शंभर रुपये लावले तर लागले ३७००. गोळी कोठेही पडो, परत येणार ३६००. शंभर रुपये मालकाचे. तो नशिबावर काहीच सोडत नाही. नशिबावर सोडण्याचे काम फक्त गिऱ्हाइकाचे.

याखेरीज २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो आणि शर्यतीवरील पैजा यांना ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर लागतो, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही.

कुणी म्हणेल, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९६ साली सांगितले आहे. खरे आहे. तो निकाल कायद्याच्या प्रश्नावर होता. घोड्याची जात, जॉकी, मैदान यांचा अभ्यास करणारे लोक असतात. परंतु हॅंडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात, ते कशासाठी? सगळ्यांची संधी सारखी व्हावी म्हणून. म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा अभ्यास वजन ठरविणाऱ्या जाणकाराने आधीच करून त्याची वजाबाकी केलेली असते. मी एकदा शर्यत पाहिली आहे. घोडा धावताना पाहावा असा प्राणी आहे, यात शंका नाही. पण आजूबाजूचे बहुतेक लोक घोड्याकडे पाहत नव्हते, हातातल्या कागदाकडे पाहत होते.

पैशापेक्षा मोठी हानी मला दुसरीच दिसते. मुंबईत १९६०च्या दशकात मटका सुरू झाला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लावीत; नंतर मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. गिरणी कामगारांच्या चाळींत हा रोग किती पसरला होता हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. आकडा लावणारा माणूस रात्री पडलेल्या स्वप्नाचा आकडा काढी, रस्त्यातल्या बैरागी बुवाला आकडा विचारी, देवाला नवस बोले. ज्या घराने देव्हारा विसर्जित केला, अंगारे-धुपारे बंद केले, त्याच घरात जुगाराच्या मागच्या दाराने शुभ वार, शुभ रंग आणि शुभ आकडा परत येतो. दिवाळीत पत्ते खेळणे शुभ, ही समजूतही त्याच जातीची. सर्व काही कारणांनी घडते, हे तथागतांचे सांगणे. पाच वेळा लाल आले म्हणून सहाव्यांदा काळे येईलच असे जुगारी मानतो. पण गोळीला मागचे काही आठवत नसते.

तुम्ही म्हणाल, आम्ही रोज थोडेच जाणार? एक दिवस मजा. एकट्याने जो कधी पाऊल ठेवणार नाही तो पंधरा जणांत जातो, आणि सगळे खेळत असताना हात बांधून बसण्याची त्याला लाज वाटते. कुसंगत हे वेगळे अपायमुख सांगितले आहे ते यासाठीच. येथे कुसंगत म्हणजे गुंड नव्हेत. आपलेच सालस मित्र.

सरकारचे वागणेही पाहण्यासारखे आहे. गोव्याने १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आणि १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनो यांना वाट करून दिली. परंतु १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी घातली. स्वतःच्या लेकरांना जे वाढायचे नाही ते पाहुण्यांना वाढायचे! महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, कधी अंमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या खेळांविरुद्ध संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला आहे. घरातील मुलांना त्याची माहिती द्यावी.

सिगालाला तथागतांनी कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, एक अडीअडचणीसाठी शिल्लक. पगारदार माणसाच्या घरी कामधंद्याचे दोन भाग म्हणजे मुलांचे शिक्षण असे मी समजतो. माझी कॉलेजची फी आईने पिठाच्या डब्यात ठेवलेल्या पैशांतून भरली गेली. तो चौथा भाग होता, हे तिला माहीत नव्हते. सहल उपभोगाच्या भागातून जरूर काढावी. आनंद करायला धम्माची मनाई नाही. बस ठरलीच आहे तर कान्हेरीला न्या, कार्ल्याला न्या, महाडला चवदार तळ्यावर न्या, आणि बायकामुलांनाही सोबत घ्या. त्यांना कॅसिनोच्या सहलीत कुणी धरलेच नव्हते. जे मित्र तरीही शर्यतीलाच जाणार असतील त्यांच्याशी भांडू नये. आपली वर्गणी परत मागावी आणि कारण विचारले तर वरचा ३७ घरांचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

विहारातील रविवारच्या वर्गासाठी उदाहरण: अमेरिकी पद्धतीच्या चक्रावर दोन शून्ये धरून ३८ घरे असतात, पण बक्षीस ३५ पटच मिळते. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले तर दर फेरीला मालकाकडे किती राहतील, आणि रोज अशा पाचशे फेऱ्या झाल्या तर दिवसाला किती?